आवाज न करणारे बूट

बुधवार, ६ मार्च

आज सरांनी माझा उजवा बूट सगळ्या वर्गासमोर उचलून धरला. लाजेने मेले मी. सर म्हणजे आमचे जॅझचे शिक्षक. वय माझ्या मुलाएवढं, आणि अंगात हाडं आहेत की नाहीत अशी शंका यावी इतके लवचिक. "छोट्या काकू," म्हणाले, "हे पळायचे बूट आहेत. रबराचा तळ जमिनीला चिकटतो. तुम्ही वळता, बूट वळत नाही, आणि मधल्या मध्ये गुडघा मरतो. शिवाय हे ऐका." त्यांनी बूट लाकडी जमिनीवर घासला. चुईंक! सगळा वर्ग हसला. सगळ्यात जोरात हसली ताई.

ताई म्हणजे माझी सख्खी मोठी बहीण, म्हणून वर्गात ती मोठ्या काकू आणि मी छोट्या काकू. आयुष्यभर तिने शाळेत दुसऱ्यांच्या पोरांकडून कवायत करून घेतली. निवृत्त झाली त्या आठवड्यात जाहीर केलं, "आता मी नाचणार." आणि मला न विचारता माझंही नाव घालून मोकळी झाली. वीस एप्रिलला कार्यक्रम आहे, खऱ्या स्टेजवर. ताईने इतकं मन लावून काही मागितलेलं मला आठवत नाही. ती स्टेजवर कशी दिसेल ते मला आत्ताच दिसतं. तिचे हात काय सुंदर फिरतात! माझे हात कपडे वाळत घातल्यासारखे.

बुटांचं खातं मी माझ्याकडे घेतलं आहे. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकाकानांवर फ्रेमी बसवते मी. नीट बसणं म्हणजे काय ते मला कळतं.

शनिवार, ९ मार्च

नाचाच्या सामानाच्या दुकानात जाऊन आलो. बूटवाले काका बोलायला लागले की थांबत नाहीत. जॅझचा बूट हातमोज्यासारखा बसला पाहिजे, बोटं टोकाला टेकली पाहिजेत, वगैरे वगैरे. मी म्हटलं, "काका, क्लास संध्याकाळी असतो. संध्याकाळी पाय सुजतात. दोघींनाही एक नंबर मोठे द्या." ताई म्हणाली, "छोटे, ते सांगतायत ते ऐक की." मी ऐकलं नाही. घट्ट फ्रेम घेऊन गेलेलं गिऱ्हाईक तिसऱ्या दिवशी कानामागे वळ घेऊन परत येतं, हे मला माहीत आहे.

काळे, चामड्याचे, नाडीवाले. हातात घेतले तर वजनच नाही.

बुधवार, १३ मार्च

लाथ वर मारायची होती. पाय वर गेला आणि बूट त्याहून वर गेला. थेट सरांच्या स्पीकरवर. सर म्हणाले, "नेम चांगला आहे." मी बूट आणायला पुढे पळाले, तर माझ्या जागेवर ताईच्या उजव्या बाजूला आमच्या वर्गातल्या बँकवाल्या बाई सरकल्या, आणि ताईने वळताना त्यांना धडक दिली. त्या बाई कांगावखोर आहेत, दहा मिनिटं खांदा धरून बसल्या. ताईचाही बूट सैलच ना, घसरला असेल. चूक माझी. काका बरोबर होते, पण हे मी त्यांना सांगणार नाही.

आजपासून सरांनी समोरच्या मोठ्या आरशावर पडदा ओढला आहे. स्टेजवर आरसा नसतो, आता एकमेकांच्या अंदाजाने नाचा, म्हणाले. आरसा नसला की माझं पोट दिसत नाही, त्यामुळे माझी काही तक्रार नाही.

शनिवार, १६ मार्च

काकांकडून दोघींचे बूट बदलून आणले. त्यांच्या चष्म्याची दांडी फुकटात सरळ करून दिली तेव्हा कुठे राजी झाले.

या नव्यांचा तळ सलग नाही. पुढे एक तुकडा, टाचेला एक तुकडा, मध्ये नुसतं मऊ चामडं. पाऊल वाकवलं की बूट पण वाकतो. पायात आहे की नाही ते कळत नाही. आणि आवाज अजिबात नाही! स्वयंपाकघरात मी मागे जाऊन उभी राहिले तर आमचे हे दचकून ओरडले. म्हणाले, "आता या घरात चोरून काही खायची सोय राहिली नाही."

ताई खालच्या मजल्यावरच राहते. तिला दाखवायला तसेच बूट घालून गेले. चहा घेत बसली होती. मी शेजारी जाऊन "बघ!" म्हटलं, तर तिच्या हाताचा कप उडाला, चहा सगळा टेबलावर. उजव्या बाजूला मी उभीच होते, तरी पत्ता नाही. बूट म्हणजे बूट आहेत!

बुधवार, २० मार्च

आज लिहायला दोन गोष्टी आहेत. एक आनंदाची, एक नाही.

मला दुहेरी गिरकी आली. एका पायावर, दोन फेऱ्या, आणि मी जिथल्या तिथे. बुटाने मला अडवलंच नाही. सरांनी संगीत थांबवलं आणि म्हणाले, "छोट्या काकू, परत." परत घेतली. परत आली! मग म्हणाले, गाण्याच्या शेवटी तुम्ही रांगेतून पुढे या, एकट्या, आणि ही गिरकी घ्या. एकावन्न वर्षांच्या बाईला पुढे बोलावतंय कोणी. घरी येईपर्यंत माझं तोंड मिटत नव्हतं.

दुसरं म्हणजे ताई मला धडकली. मला! आजवर कधी नाही. उजवीकडे वळून हात फेकायचा असतो, तिचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. सर गंभीर झाले. ताईला बाजूला घेऊन म्हणाले, "मोठ्या काकू, स्टेज उंच आहे. कुणी पडलं तर निभायचं नाही. तीस तारखेला बघू, मग ठरवतो." ताई "बरं" म्हणाली आणि बुटाची नाडी बांधत बसली. नाडी सुटलेली नव्हती.

ताई स्टेजवर जाणार म्हणजे जाणार. तिच्या बुटांचं काय चुकतंय ते मी शोधून काढणार.

गुरुवार, २१ मार्च

सकाळी हे म्हणाले, "ताईंचे डोळे एकदा तपासून घ्या." मी भडकले. गेल्याच वर्षी मी स्वतः तिला दुकानात तक्त्यासमोर बसवलं होतं. एकेक डोळा झाकून शेवटची बारीक ओळ धडाधडा वाचली तिने. मला चष्मा आहे, तिला फक्त वाचायला लागतो. डोळ्यांचं तुम्ही मला शिकवू नका, म्हटलं. हे पेपर वाचत बसले.

डोळे नाहीत, तळ आहे. तिची चालण्याची पद्धत वेगळी, तळ लवकर गुळगुळीत होतो.

शनिवार, २३ मार्च

तारेच्या ब्रशने ताईच्या बुटांचा तळ खरवडला. आतून पातळ गादी घातली. नाड्या बदलल्या. क्लासमध्ये परत धडकली. माझ्यावरच.

घरी परत येताना म्हणाली, "छोटे, बुटांचं राहू दे आता. तू फक्त माझ्या उजव्या हाताला राहा. ते शेवटी पुढे जायचं कशाला अंगावर घेतलंस?"

 तिला तिच्या दारात सोडून मी सरळ वर निघून आले. मी इथे तिच्यासाठी गुडघ्यावर बसून तळ घासतेय, आणि तिला माझी एक गिरकी सहन होत नाही? लहानपणापासून नाच तिचा, हात तिचे, कौतुक तिचं. एकदा मला कोणी पुढे बोलावलं तर लगेच मागे ओढायचं?

सोमवार, २५ मार्च

ताईकडे गेले नाही. तिनेही हाक मारली नाही. जिन्यात दिसली, मी तिच्या उजवीकडून गेले, तिने पाहिलंसुद्धा नाही. इतका राग? ठीक आहे. बुधवारी क्लासलाही गेले नाही तर बघू कोणाच्या उजव्या हाताला उभी राहते.

गुरुवार, २८ मार्च

काल क्लासला मी गेलेच नाही.

चष्म्याच्या नाकावरच्या गाद्या ढिल्या झाल्या म्हणून ताई दुकानात आली. बहुधा ते निमित्त होतं, समेट करायला आली असावी. मी गाद्या बसवल्या, चष्मा घातला, आणि नेहमीसारखा हातआरसा पुढे केला. आमची पद्धत आहे, आरसा गिऱ्हाइकाच्या उजव्या बाजूने द्यायचा. इतकी वर्षं देतेय, आरसा जवळ पोचायच्या आत माणसाची मान वळलेली असते. स्वतःला बघायची घाई कोणाला नसते? ताई समोर बघत राहिली. मला वाटलं, अजून रुसली आहे. आरसा आणखी पुढे नेला, पार तिच्या कानापर्यंत.

"ताई, घे की."

"काय घे?"

"आरसा."

"दे ना मग."

तिने मान पूर्ण वळवली तेव्हा आरसा तिच्या नाकासमोरच होता. ती हसली. मी नाही हसले.

समोर स्टूल ओढून बसले. "डावा डोळा झाक. माझ्या नाकाकडे बघ."

"तुझ्या नाकात बघण्यासारखं काय आहे?"

"बघ म्हणते ना. बाजूला बोटं हलवते. हललेली दिसली की सांग."

ती शहाण्या मुलीसारखी बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "हलव की आता."

मी हलवतच होते.

गुरुवारी संध्याकाळी दुकानात डोळ्यांच्या डॉक्टरबाई येतात. पहिला नंबर ताईचा लावला. उजव्या डोळ्यात काचबिंदू. डोळ्यातला दाब वाढत गेला आणि कडेची नजर गेली. मधली शाबूत आहे. तक्ता माणूस मधल्या नजरेने वाचतो, म्हणून शेवटची ओळ वाचली तिने. डावा डोळा ठीक आहे. जे गेलं ते परत येणार नाही, रोज थेंब घातले तर जे आहे ते टिकेल. मी विचारलं, नाचायला चालेल का? डॉक्टरबाई म्हणाल्या, "खुशाल नाचू दे. उजवीकडे कोण आहे तेवढं तिला कळलं पाहिजे."

दिवसभर जगाचे डोळे बघते मी. आणि माझी बहीण माझ्या शेजारी उभी राहून मला बघू शकत नव्हती, तर मी तिच्या बुटाचा तळ घासत होते.  हे "मी सांगितलं होतं" म्हणाले असते तर बरं झालं असतं.

शुक्रवार, २९ मार्च

सकाळी थेंब घालायला खाली गेले. ताई म्हणाली, "काहीतरी आहे ते मला वाटतच होतं. क्लासमध्ये आरसा होता तोवर निभावलं. त्यात सगळ्या दिसायच्या."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तू दुसऱ्या दिवशी नाव काढलं असतंस. मला साधी सर्दी झाली तरी तू माझी सहल रद्द करतेस."

हे खोटं नाही, त्यामुळे मी चहाचं आधण ठेवलं.

"आता मीच घरी बसते," ती म्हणाली. "उगाच कुणाचा पाय मोडायचा. सरांना सांग, गुडघा दुखतो."

"मी काही सांगणार नाही."

"तुझे ते चुईंक करणारे बूट होते ना, तेव्हा बरं होतं. तू कुठे आहेस ते मला कळायचं. आता तू मांजर झालीस."

मी गॅस बंद केला. तिला म्हटलं, चप्पल घाल. ती म्हणाली, चहा? मी म्हटलं, चहा राहू दे.

काकांनी दुकान नुकतं उघडलं होतं. मी त्यांना म्हटलं, "जॅझचे बूट दाखवा. पण वाजणारे." काकांनी कानावर विश्वास बसत नसल्यासारखं बघितलं. लोक त्यांच्याकडे न वाजणारे मागतात. मग त्यांनी वरच्या फळीवरून खोकी काढली. कडक तळाचे, छोट्या टणक टाचेचे. हेही जॅझचेच, म्हणाले, स्टेजवर घालतात, पण सराव असलेल्या मुली.

ताईला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. सतरंजी गुंडाळून बाजूला केली. मी एकेक जोड घालून तिच्या मागे चालायला लागले, ती बोट दाखवून मी कुठे ते सांगायची. पहिल्या जोडात चुकली. दुसऱ्यात गोंधळली. काका पंखा बंद करून बघत उभे होते. तिसऱ्यात मी उजवीकडे गेले, मागे गेले, तिरकी गेले, आणि ताईचं बोट माझ्या मागोमाग फिरत राहिलं. शेवटी मी तिच्या उजव्या खांद्यापाशी येऊन थांबले. तिचं बोट माझ्या पोटात घुसलं.

"हे," ताई म्हणाली. "पण तुला बसतात का?"

करंगळीला जरा लागतात. "छान बसतात," म्हटलं.

काका मला हळूच म्हणाले, "बाई, दुहेरी गिरकी वगैरे यात जमायची नाही. टाच आडवी येणार." मी म्हटलं, हे बांधून द्या.

सरांना डोळ्याचं सांगायचं नाही, असं ताईने बजावलं आहे. खुर्चीवर बसवून टाळ्या वाजवायला लावतील, म्हणते. सांगायचं तेव्हा तीच सांगणार.

शनिवार, ३० मार्च

मी दारातून आत आले तेव्हाच सरांनी कान टवकारले. "छोट्या काकू, हे काय?"

"जॅझचेच आहेत. दुकानात विचारा."

"वाजतायत."

"सवय होईल." हे वाक्य मी दुकानात दिवसातून इतक्यांदा बोलते की तोंडातून आपोआप गेलं.

गाणं लागलं. प्रत्येक पाऊल मी टाचेवर टाकलं, मुद्दाम. उजवीकडची वळणं आली. ताई वळली, हात फेकला, आणि तो हात माझ्या बाजूने वितभर अंतर ठेवून गेला. एकदा, परत एकदा, दर वेळी. बँकवाल्या बाई उगाच लांब उभ्या होत्या. ताईने कोणाला बोटसुद्धा लावलं नाही.

शेवटी माझी गिरकी. पहिली फेरी झाली, दुसरीला टाच अडकली आणि मी तिरकी होऊन खिडकीपाशी पोचले. सर म्हणाले, "हे बूट काढा, आधीचे घाला. पुढची जागा तुमची आहे. यात मी तुम्हाला पुढे आणू शकत नाही."

मी म्हटलं, "मग मी रांगेतच बरी."

त्यांना वाटलं मी चिडले. तीनतीनदा विचारलं. मग पुढची जागा बँकवाल्या बाईंना गेली. त्यांना गिरकी येते, पण कडू औषध प्याल्यासारखं तोंड करून घेतात. हे मी जळून लिहितेय, आणि खरंही आहे.

ताईला म्हणाले, "मोठ्या काकू, तुम्ही आत."

जिन्यात ताई म्हणाली, "माझ्यासाठी गिरकी सोडायची नव्हती तुला." मी म्हटलं, तुझ्यासाठी कोण सोडतंय, टाचेच्या बुटात मी उंच दिसते. तिने माझ्याकडे मान पूर्ण वळवून बघितलं.

बुधवार, १० एप्रिल

आज हे बाहेर गेल्यावर मऊ बूट घातले आणि आतल्या खोलीत दुहेरी गिरकी घेतली. आली. लगेच आली. पलंगावर बसून थोडी रडले. मग उठले, बूट पुसून कपाटात ठेवले आणि टाचेचे घातले. करंगळीला पट्टी लावते, सराव रोज करते. रांगेत माझी एकच गिरकी आहे, पण ती ताईच्या उजव्या खांद्यापाशी आहे आणि तिथे मी चुकणार नाही.

रविवार, २१ एप्रिल

काल कार्यक्रम झाला.

पडदा उघडायच्या आधी माझ्या लक्षात आलं की एका गोष्टीचा विचारच केला नव्हता. स्टेजवरचे स्पीकर! क्लासमधल्या डबड्याच्या चौपट. आमच्या आधीच्या पोरांचा नाच चालू होता, आणि मला माझा स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता. मी ताईला म्हटलं, "ऐकू येणार नाही गं." ती म्हणाली, "तू आपट जोरात. बाकी मी बघते." तिचे हात थंडगार होते. माझेही.

गाणं सुरू झालं. पहिल्या कडव्यात वळणं डावीकडची होती, ती पार पडली. मग उजवीकडचं पहिलं आलं, आणि मला ताईची मान किंचित झुकलेली दिसली. शोधत होती मला. ऐकू जात नव्हतं. समोर अंधारात इतकी माणसं, पुढे स्टेजची कड, आणि ताई वळायच्या बेतात.

मी टाच आपटली. नाचात नव्हती ती, सरळ घण घातल्यासारखी आपटली. स्टेज आतून पोकळ असतं. दणका फळ्यांमधून गेला, माझ्याच दातांना जाणवला. ताईच्या तळव्यांना तो पोचला असणार, कारण तिची मान सरळ झाली. ती वळली आणि हात फेकला, आणि तो इतका सुंदर फेकला की मी माझं पुढचं पाऊल विसरणारच होते. मग मी थांबलेच नाही. जिथे वळण तिथे दणका. पुढे बँकवाल्या बाईंनी दुहेरी गिरकी घेतली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी ताईच्या खांद्यापाशी माझी एक घेतली. बरोबर जागी थांबले. ताईने न बघता उजवा हात बाजूला केला आणि तिथे माझा हात होता.

पडदा पडल्यावर सर तरातरा आत आले. घामाघूम. "छोट्या काकू, शेवटच्या रांगेपर्यंत टाचा ऐकू आल्या. तो आवाज नाचात नव्हता."

मी तोंड उघडलं, पण ताईने मला मागे सारलं.

"तुमच्या नाचात नसेल, सर," ती म्हणाली. "माझ्या नाचात होता."

मग तिनेच त्यांना डोळ्याचं सांगितलं, सर्दीचं सांगावं तितक्या सहज. सर खाली बसले आणि माझ्या बुटाची सुटलेली नाडी बांधायला लागले.